शिकायचं पीठ

“गार पाणी घे,” आई म्हणाली. “आणि फार मळू नकोस. चिवट होते.”

ती स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता. तो तिनं मांडीवरच्या उशीवर ठेवला होता, शेजारणीचं तान्हं थोडा वेळ सांभाळायला घेतल्यासारखा. मी चुलीपुढे पाटावर. समोर परात, परातीत ज्वारीचं पीठ, पिठात केलेल्या आळ्यात तांब्यातलं गार पाणी.

गोळा होत होता, पण बोट लावलं की त्याला भेग पडत होती. थापायला घेतला तर भाकरी मोठी व्हायच्या ऐवजी कडेनं फाटत गेली. मी बोटांनी कडा जुळवायची, ती दुसरीकडे फाटायची. शेवटी दोन्ही हातांनी उचलायला गेले, तर अर्धी हातात आली आणि अर्धी परातीत राहिली.

“असू दे,” आई म्हणाली. “तुकडे तसेच टाक तव्यावर. शेजारच्या शेळीला होतील.”

गोदाआत्या परसातून कोथिंबीर खुडून आत आली. ती अप्पांची थोरली बहीण. आई मोरीत घसरून पडली आणि मनगट मोडलं, तेव्हा निरोप मिळाल्याबरोबर जेऊरहून पिशवी घेऊन आली होती. तिनं तव्यात डोकावून पाहिलं.

“ही भाकरी म्हणायची का शेणी?”

मी तव्यावरचे तुकडे उलटले.

“उजू, बी.एस्सी. झालीस न्हवं तू? फर्स्ट क्लास?”

“हो.”

“भाकरीत नापास.”

आई हसली. मला ते हसणं आवडलं नाही. पडल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती, आणि तेही माझ्यावर.

करमाळ्याच्या आमच्या आळीत आईच्या भाकरीचं नाव होतं. सकाळी केलेली भाकरी दिवेलागणीला उचलली तरी तिची घडी पडायची, तडकायची नाही. वरचा पापुद्रा इतका पातळ, की त्यातून चुलीचा उजेड दिसेल असं मला लहानपणी वाटायचं. मी शाळेतून आले की ती पापुद्रा उचलून आत तेल-चटणी भरून द्यायची. “मला थापू दे ना,” असं मी एकदोनदा म्हटलं होतं. “जा, पाढे म्हण,” म्हणून तिनं मला उठवलं होतं. आमच्या आळीतल्या सगळ्या मुली दहाव्या-बाराव्या वर्षी भाकरी थापत होत्या. मला वीस वर्षं पुरी झाली तरी परातीला हात लावायची वेळ आली नव्हती, आणि आपल्याला काही येत नाही असं तोवर मला कधी वाटलंही नव्हतं.

त्या उन्हाळ्यात अप्पांनी सगळे दात काढले होते. हिरड्या भरल्याशिवाय कवळी बसवता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. अप्पा एस.टी. डेपोत कंट्रोलर होते. लाउडस्पीकरवर ‘सोलापूर’ म्हणायला गेले की ‘स’ हिरड्यांमधून निसटून जायचा आणि स्टँडवरची माणसं हसायची. घरी आले की ते स्वतःच ती नक्कल करून दाखवायचे. पण जेवणाच्या बाबतीत ते हट्टी होते. भात त्यांना जेवण वाटायचा नाही. दुधात कुस्करलेली भाकरी म्हणजे आजाऱ्याचं खाणं. त्यांना ताटात अख्खी भाकरी लागायची, आणि ती दातांशिवाय खाता येईल इतकी मऊ फक्त आईचीच असायची. आत्याची भाकरी बरी होती, पण जाड. अप्पा ती बराच वेळ तोंडात घोळवत बसायचे.

आणि मला पुण्याला जायचं होतं. एम.एस्सी.ला, रसायनशास्त्राला माझा नंबर लागला होता. येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार होती. आई पडायच्या आधी हे सगळं ठरलं होतं. माझी ट्रंकसुद्धा माळ्यावरून खाली आली होती. ती आता पलंगाखाली होती आणि तिच्याविषयी कुणी काही बोलत नव्हतं.

बोलली ती आत्याच. त्याच दुपारी, अप्पा जेवायला बसले असताना.

“सदा, मला रविवारी जायला पायजे. सुनेचे दिवस भरत आल्यात.”

“हो, जा की.”

“जा की काय? मागं भाकरी कोण करील?”

अप्पांनी घास तोंडात फिरवला. “बघू.”

“बघायचं काय त्यात? घरात धडधाकट पोर हाय.”

“तिला पुण्याला जायचंय,” आई भिंतीजवळून म्हणाली.

“जाईल की पुढच्या वर्षी. पुणं काय उठून चाललंय?”

“पुढच्या वर्षी नंबर लागेलच असं नाही,” मी म्हटलं.

अप्पा माझ्याकडे न बघता ताटाकडे बघत म्हणाले, “एका वर्षानं फार बिघडतं का गं, उजू? हिचा हात पुरता बरा होईपर्यंत दिवाळी येतीय. प्लॅस्टर निघालं तरी लगेच जोर लावायचा नाही म्हणालेत.”

ते रागावून म्हणाले असते तर मी भांडले असते. ते विचारत होते.

“खानावळीतनं डबा आणता येईल,” आई म्हणाली.

“खानावळ?” आत्यानं पदर सावरला. “पोर घरात असताना माझा भाऊ खानावळीचं खाणार? लोक काय म्हणतील, शेवंता?”

“तिला जमत नाही ना वन्सं. बघितलंत ना तुम्ही सकाळी.”

“जमंल. न जमायला काय झालं? सगळ्या जगाच्या पोरींना जमतंय. का येत न्हाई म्हणून पळायचं पुण्याला?”

हे शेवटचं वाक्य मला लागलं. पुण्याला जायचं ते रसायनशास्त्र येतं म्हणून. भाकरी येत नाही म्हणून नव्हे. एवढं तरी सिद्ध करायला हवं असं मला वाटलं. शिवाय माझा स्वभाव वेगळाच होता. एखादा प्रयोग फसला तर तो का फसला हे कळेपर्यंत मला झोप लागत नसे. भाकरी जमली तर पुढे काय होईल, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. मला फक्त ती जमवायची होती.

दुसऱ्या दिवशीही फाटली. तिसऱ्या दिवशीही. आई रोज तेच सांगायची, न चिडता, हळू आवाजात. गार पाणी. फार मळू नकोस. आणि रोज म्हणायची, “ते कोपऱ्यातल्या डब्यातलं घे. शिकताना वायाच जातं, चांगलं पीठ कशाला नासायचं?” चांगलं पीठ दुसऱ्या डब्यात होतं. ते घेऊन आत्या स्वयंपाक करायची.

एकदा आत्यानं माझ्या परातीतली चिमूट उचलून बोटांवर चोळली.

“शेवंता, ह्या पिठाची विरी गेल्यागत वाटतीय गं.”

“असू द्या,” आई म्हणाली. “शिकायला चालतंय.”

“विरी म्हणजे काय?” मी विचारलं.

“विरी म्हंजे विरी,” आत्या म्हणाली. “पीठ जुनं झालं की जाती. मग ते एकमेकाला धरून राहत न्हाई.”

आत्या बाहेर गेली. मी परातीकडे बघत बसले. गव्हात चिकटपणा असतो, ज्वारीत तो नसतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. म्हणजे गव्हाची कणीक मळून मळून चिवट होईल. ज्वारीचं पीठ कितीही मळलं तरी चिवट कशानं होणार? आई चुकीचं सांगत होती. पण आई भाकरीच्या बाबतीत चुकेल हे मला खरं वाटेना. मी ते तसंच सोडून दिलं आणि दुसऱ्या गोष्टीचा विचार करू लागले. पीठ एकमेकाला धरून कशानं राहील?

दिवाळीत आम्ही आकाशकंदिलाला कागद डकवायला खळ करायचो. गार पाण्यात कालवलेल्या पिठानं कागद चिकटत नाही. तेच पीठ शिजवलं की चिकटतं.

मला त्या क्षणी उठून कुणाला तरी सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. आई डोळे मिटून पडली होती.

शनिवारी दुपारी आई बाहेरच्या खोलीत आडवी झाली होती. आत्या जायच्या आधी आळीतल्या ओळखीच्या बायकांना भेटून यायला गेली होती. अप्पांच्या जेवायच्या वेळेला अजून अवकाश होता. मी चूल पेटवली. तांब्याभर पाण्याचं आधण ठेवलं, उकळी फुटल्यावर ते कोपऱ्यातल्या त्याच डब्यातल्या पिठावर ओतलं आणि उलथन्याच्या दांड्यानं ढवळलं. हात लावण्याइतकं निवल्यावर मळायला घेतलं. सांगितलेल्याच्या उलट करायचं ठरवलंच होतं, म्हणून मळलंही भरपूर, तळहाताच्या उंचवट्यानं रगडून रगडून. गोळा हातातच बदलला. त्याला दाबलं तर भेग पडेना. तो ओल्या मातीसारखा गुळगुळीत झाला.

थापताना भाकरी माझ्या हाताखाली आपण होऊन फिरू लागली. हे कसं होतं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. उचलली, ती लोंबली पण तुटली नाही. तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं. पाणी सुकताच उलटली, मग तवा उतरवून ती निखाऱ्यांपुढे उभी केली. एका कडेला फुगा आला, तो हळूहळू सरकत दुसऱ्या कडेपर्यंत गेला आणि अख्खी भाकरी टम्म झाली.

मी एकटीच हसले. मोठ्यानं.

अप्पा आले तोवर चार भाकरी झाल्या होत्या. आत्याही परतली होती. मी ताटं मांडली. पिठलं, कांदा, आणि प्रत्येकाच्या ताटात एकेक भाकरी. आईला उठवून आणलं. ती हल्ली डाव्या हातानं जेवायची.

आत्यानं भाकरी उचलली. घडी घातली. पुन्हा घडी घातली. रुमालाची घालावी तशी.

“अगं बया,” ती म्हणाली. “ही तू केलीस?”

“हो.”

“कुठल्या पिठाची?”

“त्याच. आधण घातलं.”

“तुला कुणी सांगितलं आधण घालायला?”

“कुणी नाही.”

“सदा, बघ! शेवंता, बघ! तुझाच हात घेऊन आलीय पोर. आता मी निर्धास्त जाते बघ. आता काय काळजी न्हाई घराची.”

माझं सगळं लक्ष आईकडे होतं. मला वाटलं होतं तिचा चेहरा उजळेल. ती भाकरीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिचा चेहरा असा झाला, जसा पडल्या दिवशी मोरीच्या दारात झाला होता. तिनं डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला, पिठलं न लावता तोंडात टाकला आणि चावला.

“कच्ची आहे,” ती म्हणाली.

“काय?” आत्या म्हणाली.

“आतनं कच्ची राहिलीय. वरनं फुगलेली दिसतीय नुसती. ह्यांना बाधेल.”

“कच्ची?” मी म्हटलं. “कच्ची भाकरी फुगेल कशी? आत वाफ झाल्याशिवाय ती फुगतच नाही.”

“मला नको शिकवूस भाकरीचं. कच्ची आहे.”

“आत्या, तू सांग.”

आत्यानं घास घेतला. “मला तर बरी लागतीय बाई. सदा, तू सांग रं. तुलाच खायचीय.”

अप्पा जेवत होते. एकामागून एक तुकडा मोडत होते, पिठल्यात बुडवत होते आणि खात होते. त्यांनी आईकडे पाहिलं. मला वाटतं त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग शेवटच्या तुकड्यानं ताटातलं पिठलं पुसून घेतलं, तो तुकडा खाल्ला, पाणी प्याले आणि म्हणाले,

“मला काय ही चावत नाही.”

मी त्यांच्या पुसलेल्या ताटाकडे बोट दाखवलं.

“अप्पा, तुम्ही सगळी खाल्लीत!” मी म्हटलं.

“भूक लागली होती.”

“मग चावत नाही म्हणजे काय?”

“नाही चावत. हिरड्या दुखतात. हिचं काम नाही हे, अक्का. मी उद्या खानावळीत सांगून ठेवतो. ते भात-आमटी बरी देतात.”

“भात?” आत्या म्हणाली. “तू? भात खाणार?”

“चावायला नको,” अप्पा म्हणाले आणि हात धुवायला उठले.

मी माझं ताट तसंच सोडून मागच्या दारी गेले. डोळ्यांना पाणी येत होतं आणि त्याचा मला राग येत होता. माझ्यापाशी पुरावा होता. अप्पांचं ताट रिकामं होतं. आणि दोन मोठी माणसं मला तोंडावर खोटं सांगत होती. आत आत्या बडबडत होती, “पोरीचं कौतुक करायचं सोडून… काय माणसं तरी…”

सोमवारी अप्पांनी मला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. ट्रंक त्यांनीच टपावर चढवली. आईनं दारातूनच निरोप दिला होता, मी तिच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. गाडी सुटली तेव्हा लाउडस्पीकरवर त्यांचा आवाज आला, करमाळा-पुणे, करमाळा-पुणे. त्यात ‘स’ नव्हता. आवाज अगदी स्पष्ट होता.

पुण्यात मी भाकरी केली नाही. वसतिगृहात चूल नव्हती आणि इच्छाही नव्हती. पुढे नागपूरला एका प्रयोगशाळेत नोकरी लागली, एक खोली आणि गॅसची शेगडी मिळाली, तरी केली नाही. सुट्टीत घरी गेले की आईच्या हातची खायची. तिचं मनगट थोडं वाकडं जुळलं होतं. भाकरी पूर्वीइतकीच मऊ होती. त्या दिवसाचा विषय आम्ही दोघींनीही काढला नाही. आज मी त्या वेळच्या आईपेक्षा वयानं मोठी आहे. तिला काय वाटलं असेल याचा अंदाज मला आता करता येतो. तेव्हा येत नव्हता.

मग एकदा आई एकटीच नागपूरला आली. सोबत कापडी पिशवीत पीठ होतं. निघताना दळून आणलेलं, अजून गिरणीचा वास असलेलं. तिनं खोली पाहिली, खिडकीतून खालचा रस्ता पाहिला, माझ्या टेबलावरची पुस्तकं हात न लावता पाहिली.

“तू कायम झालीस ना आता?”

“हो. मागच्याच महिन्यात.”

“कुणी काढू शकत नाही?”

“तसं कुणी काढत नाही.”

“परात आहे का?”

“मोठं ताट आहे.”

“चालेल. काढ. आणि इथं बस माझ्याजवळ.”

मी बसले. तिनं पीठ ताटात घेतलं, पाण्याचा हात घातला आणि मळू लागली. सगळं अंग पुढे झोकून. ताट फरशीवर सरकत होतं, ते मी धरलं.

“जोर लाव असा. इथला.” तिनं तळहाताचा उंचवटा दाखवला. “जितकं मळशील तितकी मऊ.”

“तू तर म्हणाली होतीस, फार मळू नकोस.”

“म्हणाले होते.”

ती मळत राहिली. मी विचारलं, “आई, त्या दिवशीची कच्ची होती?”

“नव्हती.”

तिनं गोळा माझ्या हातात दिला आणि मला थापायची खूण केली. मी थापू लागले.

“चौथीत होते मी,” ती म्हणाली. “बोटं नको, हात सपाट ठेव. चौथीत होते, तेव्हा माझी भाकरी पहिल्यांदा फुगली. चुलतीनं ती ताटलीत घालून आळीभर फिरवली. सगळ्यांनी नावाजलं. वडील कधी जवळ घ्यायचे नाहीत, त्यांनी पाठीवरनं हात फिरवला. दुसऱ्या दिवशी मी पाटी घेऊन निघाले, तर चुलती म्हणाली, आता कशाला गं? इतका चांगला हात आहे पोरीचा. फिरव, फिरव, एकाच जागी नको.”

मी भाकरी फिरवली.

“मारलं असतं ना कुणी, तर मी पळाले असते शाळेत. कौतुक केल्यावर कुठं पळणार?”

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. ती तो जाईपर्यंत थांबली.

“तुला पीठसुद्धा मुद्दाम विरी गेलेलं दिलं. तरी केलीस. मला वाटलं, गेलं आता सगळं. तुझ्या आत्यानं दुसऱ्या दिवशी गावभर सांगितलं असतं.”

“आणि अप्पांना काय सांगितलं होतंस?”

“कुठं काय? त्यांना काही बोलले नव्हते मी. ते आपलं आपणच म्हणाले.” ती हसायला लागली. “अख्खी भाकरी खाल्ली गं, ताट पुसलं, आणि म्हणतात कसे, चावत नाही! मीच बघत राहिले. आणि मग दिवाळीपर्यंत भात. एक दिवस तोंड वाकडं केलं नाही त्या माणसानं.”

मी भाकरी तव्यावर टाकली. ती फुगली, पण एकाच बाजूनं. आईनं ती उचलून घडी घालून पाहिली, मोडली, अर्धी मला दिली. आम्ही दोघींनी ती तेल-चटणीशी शेगडीजवळ उभ्यानंच खाल्ली.

“अजून मळायला हवी होती,” ती म्हणाली. “पण मऊ आहे. येईल तुला. उद्या परत कर.”

ती आठवडाभर राहिली. रोज सकाळी मी कामावर जायच्या आधी ती मला दोन भाकरी करायला लावायची, चुका सांगायची आणि एकदाही कौतुक केलं नाही. शेवटच्या दिवशी तिनं माझी भाकरी उजेडाकडे धरून पाहिली, काही न बोलता वर्तमानपत्रात गुंडाळली आणि गाडीत खायला पिशवीत ठेवली. स्टेशनवर गाडी हलायच्या बेतात असताना ती खिडकीतून वाकून म्हणाली, “हे बघ, उजू. येते ती आपल्यापुरती ठेव. कुणाला सांगत बसू नकोस.”

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. सासूबाई कराडकडच्या, बोलायला मोकळ्या, मनानं चांगल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्यावर परात होती, परातीत ज्वारीचं पांढरंशुभ्र पीठ. चांगलं होतं, ताजं. लांबूनही कळत होतं.

“भाकरी येते का गं तुला?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.